ग्रुपमधून काढलेल्याचं उत्तर

घर्दाया,
१४ ऑक्टोबर

मोक्रानदादा,

सलाम. वहिनी, पोरं आणि तुझी ती लंगडी शेळी, सगळे खुशाल असतील. मीही बरा आहे. इथे खजुराचा हंगाम चाललाय, दिवसभर खोकी ट्रकवर चढवतो. मालक माणूस चांगला, पण जेवताना रेडिओवरच्या बातम्यांशी भांडतो, आणि भांडताना आमच्या ताटातलं खातो. असो, काय सांगत होतो?

हां. तुझे फोन येतात, मी उचलत नाही. तासदित मावशीने सगळं कळवलं. गावच्या बैठकीने तुला उभं केलं, आणि तू गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून गुपचूप काढलेल्या एकेकाचं नाव बैठकीने मोठ्याने वाचलं. आता ग्रुपला तुझ्या एकट्याऐवजी तीन अ‍ॅडमिन, त्यात मावशीही. कुणाला काढलं तर कारण सगळ्यांसमोर लिहायचं. चांगलं झालं.

"बाकीचे परत आले, तू एकटाच राहिलास," मावशी म्हणाली. "तू येईस्तोवर मोक्रानला माफी नाही. बैठकीत मान खाली घालून बसतो रे."

तुझ्या मेव्हण्याच्या नळावरचा माझा विनोद एवढा लागला? 'झऱ्याचं पाणी फक्त मोक्रानच्या मेव्हण्यासाठीच डोंगर चढतं.' समोर येऊन दोन शिव्या घातल्या असत्यास, तर मी तीन घातल्या असत्या आणि फिटलं असतं. तू नुसतं काढलंस. त्याच सुमारास माझा फोन हरवला. मला वाटलं, ग्रुपही त्याच्याबरोबर गेला. नंबर तर मी चपलांसारखे बदलतो.

मग बाजारात आपला बलईद भेटला, ट्रक घेऊन आलेला.

"लाज आहे का रे? खजूर चाखतोयस? मातीला आला नाहीस म्हणून गावाने दंड लावलाय तुला!"

"कुणाच्या मातीला?"

त्याला आधी वाटलं, मी सोंग करतोय. मग माझं तोंड बघून त्याने डोक्यावरची टोपी काढली. "ग्रुपवर टाकलं होतं की रे... ग्रुपवर टाकलं होतं," एवढंच म्हणत राहिला.

माझा नवा नंबर गावात त्यानेच नेला. दंड माफ झाला म्हणे. बरं झालं. इथे खजुराच्या बिया भाजून कॉफी करतात, कडूजहर. आईला, माझ्या यम्माला, आवडली असती.

बलईद सांगत होता, अंजिरं वाळत घातली तेव्हापासून यम्मा ग्रुपवर मला हाका मारत होती. लिहिता येत नव्हतं तिला. शेजारची पोर बटण दाबून धरायची आणि ही बोलायची, "घिलास, ऐकतोयस ना?" मी तिथे नाहीच, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिला वाटलं, मी ऐकतोय आणि उत्तर देत नाही.

तू ऐकत होतास ना, दादा? तुला तर माहीत होतं.

मावशीने पाठवलेली लिंक माझ्याकडे आहे. एक बोट लावलं की आत. पण नव्याने आत येणाऱ्याला जुनं काही ऐकू येत नाही. तुझ्या फोनमध्ये तिचे आवाज आहेत. ते पाठव. सगळे. मला शिव्या दिल्या असतील तर त्याही. तुझ्याबद्दल काही बोलली असेल तर तेही. त्यातलं काही काढू नकोस.

ऐकून झालं की मी येईन. आणि सगळ्यांसमोर लिहीन, की या वेळी मोक्रानने काही काढलं नाही.

यम्माला ज्याचं उत्तर मिळालं नाही तो,
घिलास