तिवस्याचा प्लास्टिक रस्ता

१२ फेब्रुवारी, अमरावती
माधवीला दिला! तिवस्याजवळचा दोन किलोमीटरचा रस्ता — डांबरात प्लास्टिक घालून करायचा आमच्या ऑफिसचा पहिला प्रयोग — माधवीला! तिला नोकरीत तीन वर्षं झाली. मला चौदा. तेल्हाऱ्याच्या रस्त्यात जुन्या टायरचं रबर घालू, असा प्रस्ताव चार वर्षांपूर्वी मीच दिला होता. तेव्हा साहेब हसले. "किशोर, टायर गाडीले राहू दे!" आज तेच साहेब तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते.
मीपण वाजवल्या.

१५ फेब्रुवारी
रागिणी विचारते, "जेवून काहून नाही राहिले?" बायकोला काय सांगणार! ॲसिडिटी म्हणालो.

२० फेब्रुवारी
पेपरात माधवीचा फोटो. पिवळं हेल्मेट, ओंजळीत दुधाच्या पिशव्यांचा चुरा. फोटो चांगला आलाय.
दुपारी डबा घेऊन माझ्याच टेबलावर आली. "किशोरभाऊ, गिट्टी किती तापवू? तुमचा अंदाज पक्का असते." सांगितलं सगळं. आधी गिट्टी तापवायची, मग तिच्यावर प्लास्टिकचा चुरा टाकायचा, तो दगडाला चिकटला की डांबर. ती वहीत लिहून घेत होती. किती मन लावून ऐकते! त्याचाही राग आला.

४ मार्च
साहेबांनी मला तिच्या मदतीला पाठवलं. मदतीला!
डांबर प्लांटवर पंचफुलाबाई प्लास्टिक निवडत बसल्या होत्या. कंत्राटदाराकडून नवीन आलेल्या एका गोणीत राखाडी, कडक तुकडे दिसले. एक उचलून पाहिला. नळाच्या पाइपाचा. हा माल चालत नाही, तापला की विषारी धूर सोडतो. तशाच सात-आठ गोण्या मागे रचलेल्या. माधवी पलीकडे फोनवर बोलत होती. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.
तुकडा परत गोणीत टाकला. वाटलं, होऊ दे एकदा फजिती. रस्ता बिघडेल, तिचं नाव जाईल — एवढंच मनात होतं. खरंच एवढंच.

५ मार्च
पंचफुलाबाई दवाखान्यात. ऑक्सिजन लावलाय. धूर सुटला तेव्हा त्याच सगळ्यात जवळ होत्या. पुढे लिहवत नाही.

७ मार्च
दवाखान्यात जाऊन आलो. बाई उठून बसतात आता, पण आवाज पार गेलाय. माधवी दोन दिवसांपासून तिथेच, त्याच कपड्यांत. माझ्यासमोर साहेबांना म्हणाली, "गोण्या म्या तपासल्या नाही. चूक माही आहे." कंत्राटदाराचं नाव नाही, माझं नाही. माझं तर तिला माहीतच नाही!
ती औषधं आणायला खाली गेली. बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, तुमी त एक तुकडा हाती घेऊन पाह्यला होता न? मले वाटलं, साहेबानं पाह्यलं म्हंजे चांगलाच माल असन."
मी त्यांची उशी सरळ केली. आणि निघालो.

११ मार्च
माधवीला या कामावरून काढलं. रस्ता माझ्याकडे आला. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच मी हो म्हणालो.