आता हूँ, म्हणजे येतो

निशातगंज, लखनौ
९ फेब्रुवारी २०१६

चि. हिमानी हिस,
अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर माझी तब्येत ठीक आहे. थंडी उतरली. सब्जीवाला भैया तुझी चौकशी करतो आणि मटार महाग लावतो.

तुझा ईमेल वाचला. उत्तर कागदावर देते आहे. फोनवर तू हिंदीत सुरू होतेस, मग मीही हिंदीत बोलू लागते आणि मुद्दा राहून जातो. मराठी तुला वाचता येते, तेव्हा नीट वाच.

आधी तुझ्या ऑफिसच्या अहवालातला प्रश्न संपवते. लखनौत बॅटरी रिक्षा आल्या त्या सरकारी नियमामुळे, की लोकांना हव्या होत्या म्हणून? नियमामुळे नाही. त्या आल्या तेव्हा नियमच नव्हता. नंबर नाही, लायसन नाही. कायदा झाला गेल्या वर्षी. तोवर निशातगंजच्या नाक्यावर त्यांची रांग लागू लागली होती. नियम मागून आला आणि त्याने नंबराच्या पाट्या लावल्या.

पण म्हणून ‘ग्राहकांची मागणी’ असेही लिहून मोकळी होऊ नकोस. मी तरी कुणाला मागताना पाहिले नाही. तुझ्या बाबांचेच घे. निवृत्तीनंतरही ते रोज इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत जात. इथल्या सवारी टेंपोच्या आवाजाने त्यांचे डोके उठे. सायकल रिक्षात ते बसत नसत. पुढे हाडकुळा माणूस पेडल मारतो आणि मागे आपण पेपर वाचतो, याची त्यांना लाज वाटे. गल्लीच्या तोंडाशी शफीक सायकल रिक्षा घेऊन उभा असायचा, आठवत असेल तुला. त्याचे गुडघे माझ्याही आधी गेले. त्याने बॅटरी रिक्षा घेतली आणि पहिल्याच दिवशी बाबा तिच्यात जाऊन बसले. बसणाऱ्याची लाज आणि ओढणाऱ्याचे गुडघे. तुमच्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात जाते ते तू बघ.

आता दुसरे. होळीनंतर तू मला कायमची दिल्लीला न्यायला येणार, घर भाड्याने द्यायचे, हे ठरले आहे. मी हो म्हटले ते म्हटले. त्याआधी एक गोष्ट मिटवायची आहे. फोनवर सांगितले नाही, कारण तू लगेच डॉक्टरचे नाव काढले असतेस.

शफीक अजून येतो.

त्याचे असे झाले. पहिल्या दिवशी बाबा लायब्ररीतून परतले, फाटकाशी उतरले आणि त्याला म्हणाले, “आता हूँ.” म्हणजे आपले ‘येतो’. निघताना जातो म्हणायचे नाही, ही घरची सवय त्यांनी सरळ हिंदीत केली. इतकी वर्षे इथे काढून त्यांची हिंदी अशीच होती. शफीकला वाटले, साहब परत येणार आहेत. तो थांबला. दुपार सरत आली तरी उभाच. बाबांनी खिडकीतून पाहिले आणि ओशाळले. “आता त्याला काय सांगू? वाईट वाटेल त्याला,” म्हणत चपला घालून निघाले. चौकात चक्कर मारून मक्खन-मलाई घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हटले, मी सांगते त्याला. तर माझ्यावरच चिडले. त्यांची दुपारची फेरी सुरू झाली ती अशी, एका चुकीच्या क्रियापदावर.

डिसेंबरात त्या दिवशीही ते “आता हूँ” म्हणूनच आत आले. वेताच्या खुर्चीत मोजे काढायला वाकले, ते तसेच गेले. पुढचे तुला माहीत आहे. डॉक्टर आले तेव्हा शफीक फाटकाशी उभाच होता.

बाबांचे दिवस झाले, तू दिल्लीला परतलीस, आणि तो यायला लागला. या गाड्यांना आवाज नसतो. मी भांडी विसळताना खिडकीतून बघते, फाटकाशी कुणी नसते. हात पुसून पुन्हा बघावे तर रिक्षा उभी. थोडा वेळ थांबते आणि चौकाच्या दिशेने निघून जाते. एके दिवशी मी बाहेर गेले.

“शफीक भाई, साहब नहीं रहे. आप जानते हैं.”

“जी मैडम. मिट्टी में हम भी गए थे.” अंत्ययात्रेला तो आला होता, हे खरेच.

“फिर?”

“साहब कह के गए हैं. बिना जवाब के चले जाएँ, तो बेअदबी होगी.”

मी आत आले. लखनौच्या माणसाशी अदबीवरून वाद घालून काही निघत नाही.

पण एक लिहिते, आणि हे मी दिवसाउजेडी, चष्मा लावून पाहिले आहे. मी फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झाले, वजन म्हणजे काय ते मला कळते. मागच्या चाकांवर लोखंडी पाटे असतात, सवारी बसली की ते दबतात. शफीक येतो तेव्हा पाटे वर असतात. निघतो तेव्हा दबलेले असतात, डाव्या बाजूने. बाबा डावीकडे बसत.

शफीकला विचारले तर म्हणाला, “बैटरी भी उतनी ही खाती है मैडम, जितनी सवारी में.” तक्रार नव्हती त्यात.

उद्या जाऊन सगळे नीट सांगते त्याला. हे असे ठेवून मला घर सोडता येणार नाही.

१७ फेब्रुवारी

पत्र टाकायचे राहिले. पुढे लिहिते.

सांगितले त्याला. म्हटले, “साहब जो ‘आता हूँ’ कहते थे, वो हमारे यहाँ जाते वक़्त कहते हैं. उसका मतलब, जा रहा हूँ. आपको रुकना ही नहीं था.”

त्याने हँडलवरचा हात काढला. “पहले दिन से?”

“पहले दिन से.”

“और साहब ने बताया नहीं.” मग हसला. “हम खड़े रहे, तो वो आते रहे. वो आते रहे, तो हम खड़े रहे. अच्छा लिहाज़ हुआ दोनों का.” लिहाज़ म्हणजे आपली भीड. त्याने डोळे पुसले. “चलिए, हम तो समझ गए. अब इनसे भी कह दीजिए.”

आणि मागे न बघता त्याने मान किंचित मागच्या सीटकडे केली.

मला राग आला. असले बोलणे मी कुणाचे ऐकून घेत नाही, तुला ठाऊक आहे. रागातच सीटकडे पाहिले. डाव्या बाजूचे रेक्झिन खाली गेलेले होते.

काय म्हणणार होते मी? निघालेल्या माणसाला आपण ‘जा’ म्हणत नाही. लग्न झाल्यापासून भांडणातसुद्धा मी त्यांना कधी ‘जा’ म्हटले नव्हते. आपण ‘या’ म्हणतो. तुझ्या हिंदीत हे नाही, म्हणून लिहिते. पाहुणा उंबऱ्यातून निघाला की ‘या’ म्हणायचे, तोच निरोप.

मी सीटकडे बघून म्हटले, “या आता.”

रेक्झिन हळूहळू वर आले. पाटे कुरकुरले आणि गाडी वर उचलली गेली. शफीकला ते बसल्या जागी कळले. “उतर गए,” म्हणाला. त्याने कपाळाला हात लावून आदाब केला, मला नाही, उघड्या फाटकाला, आणि निघून गेला. तेव्हापासून तो गल्लीतून जातो, पण सवाऱ्या घेऊन. थांबत नाही.

मी काय बोलून बसले ते मला घरात पाऊल टाकल्यावर कळले. वेताची खुर्ची वाजली. कुणी मोजे काढायला वाकले की वाजते, तशी.

तू म्हणशील, हवा बदलली की वेत वाजतो. वाजतो. दोन दिवस मीही तेच म्हणत होते. आता दुपारी ती वाजते आणि मग शांत होते. मी पुढचे दार उघडे ठेवून पाहिले. कुणी बाहेर गेले नाही.

भीती वाटत नाही असे लिहिले तर खोटे होईल. पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभी होते. अजूनही त्या खोलीत जाताना आधी खाकरते. पण ‘या’ मी म्हटले आहे. बोलावलेल्या माणसाला घरात एकटे ठेवून मला दिल्लीला येता येणार नाही.

तेव्हा होळीनंतर मला न्यायला येऊ नकोस. भाडेकरूला नाही म्हणून कळव. तुला यायचे असेल तर चार दिवस राहायला ये, आणि त्या खुर्चीवर पर्स टाकू नकोस.

अहवाल वेळेवर दे.

तुझी आई,
सुनेत्रा

आम्हां दोघांचे आशीर्वाद.