सोळाव्या काडतुसाचं वजन

मी, व्हर्लिन टोस्टरूड, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार लुईसटाउन, मोंटाना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे; "म्हाताऱ्याला भ्रम झाला होता" असं जावई म्हणणार, याची मला खात्री आहे. ज्या पानावर माझी सही नाही ते पान माझं नव्हे.

१. घर व मागची जमीन मुलगी जोलीन हिला, एकटीच्या नावे. जावयाला काही नाही. का, ते त्याला ठाऊक आहे.

२. फ्रीजरमधलं हरणाचं मांस चर्चच्या जेवणाला. पुडकी मोजलेली आहेत.

३. गॅरेजमधली काडतुसं भरायची सगळी अवजारं आणि बंदुकीची दारू तोलायचा, दांडीवर वजन सरकवायचा काटा डेल्मर रस्क यास. याचं कारण लिहिणं भाग आहे.

चाळीस वर्षं मी माझी काडतुसं स्वतः भरली. प्रत्येकातली दारू वेगळी तोलायची, दर दहांनंतर खात्रीचं वजन टाकून काटा तपासायचा, मगच बुडाला निळी रेघ ओढायची. रेघ म्हणजे माझा शब्द. १९९५च्या शिकारीत माझ्या डब्यातलं काडतूस उडवताना मेहुणा लेलंड याची रायफल फुटली. दारू जास्त पडली की असंच होतं. त्याचा उजवा डोळा गेला.

आदल्या दिवशी ती काडतुसं भरताना गॅरेजमध्ये माझ्याखेरीज फक्त मित्र डेल्मर आला होता. मी त्याला गाठलं.

"गंमत म्हणून काटा सरकवलास ना?"

"अरे, तुझ्या काट्याकडे नुसतं पाहिलं तरी तू खेकसतोस. हात कशाला लावू?"

"मग कुणी लावला?"

"तूच लावला असशील."

त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. गॅरेजला कुलूप घातलं. धूळ पुसताना हात लागला असेल म्हणून बायकोवर, आर्डिसवरही संशय घेतला. ती कॉफी घेऊन यायची तेव्हा बाहेरून दार वाजवायची. ती वारली त्या दिवशीही किल्ली माझ्याच खिशात होती.

गेल्या मार्चमध्ये लेलंड मरणाच्या दारात असताना म्हणाला, "व्हर्लिन, ते काडतूस तुझं नव्हतंच. मी भरलेली पाच तुझ्या डब्यात मिसळली होती."

"हे आत्ता का सांगतोस?"

"तुला झोप लागावी म्हणून."

हेच उत्तर मला खटकलं. तो डबा मी भीतीने कधी उघडला नव्हता. लेलंडला पुरून आल्यावर उघडला. वीसांपैकी सतरा उरली होती. एकेक खोलून तोललं. पंधरा बरोबर भरली. सोळावं पाच ग्रेन, म्हणजे ग्रॅमचा तिसरा हिस्सा, जड; सतरावंही तेवढंच. म्हणजे काट्याच्या दांडीवरचं वजन एक खाच पुढे सरकलेलं. सतराही बुडांवर निळी रेघ माझीच. लेलंडचं त्यात एकही नव्हतं. मला मोकळं करायला तो खोटं बोलला.

काटा कोणी सरकवला, मला आजही ठाऊक नाही. कदाचित माझीच बाही लागली असेल. पण न तपासता रेघ मी ओढली.

४. माझी आधीची दोन मृत्युपत्रं रद्द. त्यांत डेल्मरविषयी लिहिलेलं सारं खोटं समजावं.

सप्टेंबरमध्ये मी त्याच्या घरी जाऊन हे सांगितलं. तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "तोलायला सत्तावीस वर्षं लावलीस." त्याने दार लावलं नाही, पण आतही बोलावलं नाही. काटा ठेवायचा की नदीत फेकायचा, हे त्याने ठरवावं. त्याला कोणी जाब विचारू नये.

सही: व्हर्लिन टोस्टरूड
साक्षीदार: मर्ना हॉफलंड, ट्रॅव्हिस ओक्ली. दोघांनी माझ्यासमोर सर्व पानं वाचून सह्या केल्या.
लुईसटाउन, १४ नोव्हेंबर २०२२