धोंडा की खडक, याबद्दल मामांना सविस्तर

कडाव, गुरुवार

ती. सुनीलमामांना हर्षलाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? रोहिणीमामींची शुगर खाली आली का? आम्ही इकडे सगळे धडधाकट. फोनच केला असता, पण मामी फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडतात आणि ही गोष्ट मोहोपाड्याच्या अख्ख्या कॉलनीला ऐकवण्याजोगी नाही.

मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा आम्हाला माती आणि खडक हा विषय आहे. बांधण्याआधी खाली काय आहे ते बघायचं, एवढाच विषय (त्याला पुस्तकात सहाशे पानं लागली आहेत). प्रयोगशाळेत ओल्या मातीची बारीक वळी वळायची आणि किती ओल असताना ती तुटते ते मोजायचं. माझी नीट तुटली, तर ऋषिकेश सरांनी आकडा खोडायला लावला, कारण मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये वेगळा होता. आमच्या कॉलेजची माती गेली अकरा वर्षं एकाच आकड्याला तुटते.

तर या सरांना बंगल्यांच्या एका स्कीमचं काम मिळालं. खालापूरकडच्या डोंगरात पाण्याची मोठी टाकी बांधायची, तिच्या जागेची तपासणी. आम्हा विद्यार्थ्यांना त्यांनी बिनपगारी मदतीला नेलं. जागेच्या बरोब्बर खाली एक वाडी आहे, सत्तावीस घरं (स्कीमच्या नकाशात तिथे हिरवा रंग आणि एक मोर आहे). लडकू मशीनवाल्याने भोक पाडायला घेतलं आणि दोन मीटरवर खणकन आवाज आला. सरांनी टाळ्याच वाजवल्या. "कठीण खडक! लिहून घ्या!" आम्ही लिहून घेतलं, मशीनशेजारी फोटो काढले.

लाकडं घेऊन उतरणाऱ्या, त्या वाडीतल्या आवडीबाई थांबल्या. म्हणाल्या, "त्यो खडक नाय गं पोरी, धोंडा हाय. वरून घरंगळत आला तवा मी डोळ्यानं बघितला. माती मागून बसली त्याच्यावर." सरांनी त्यांना पाच मिनिटं इंग्रजीत समजावलं आणि ते बाकीच्या मुलांना घेऊन स्कीमच्या ऑफिसात जेवायला गेले (तिथे एसी आहे).

मी लडकूला म्हटलं, मशीन सहा पावलं सरकव. तो म्हणाला, "ताई, सर वरडतील." मी म्हटलं, वरडू दे. रॉड दोन मीटर खाली गेला, चार गेला, सहा गेला, आणि रॉड संपले. खडकाचा पत्ता नाही, नुसती पिवळी, ओलीगच्च माती. आम्ही तिघं खालच्या कौलांकडे बघत उभे राहिलो. आवडीबाईंनी लाकडांची मोळी खाली ठेवली. मामा, तेवढा वेळ मला काही गंमत सुचली नाही.

जेवून आलेले सर म्हणाले, हे दुसरं भोक झालंच नाही असं समज. पण रिपोर्ट टाईप करायला माझ्याकडेच दिला (मुलींचं टायपिंग चांगलं असतं, हा त्यांचा स्वतःचा शोध). मी दोन्ही भोकं लिहिली, फोटो जोडला. सरांनी न वाचता सही केली. रिपोर्ट सरकारी कचेरीत गेला आणि तिथे आक्रीतच घडलं: कोणीतरी तो वाचला. टाकीचं काम थांबलं. आता माझ्यावर शिस्तभंगाचा ठपका आहे. (मातीवर कसलाच ठपका नाही.)

मामींना नमस्कार सांगा. कळावे.

तुमची भाची,
हर्षला

ता. क. खरं काम हे: सोमवारी अकरा वाजता माझे पालक म्हणून कॉलेजात या. माफीनाम्यावर पालकांची सही हवी आहे. बाबांना नेता येत नाही, कारण त्या टाकीच्या खोदाईचं काम आपल्याच जेसीबीला मिळालं होतं. जेसीबी अजून वरच उभा आहे, आणि काम कोणी थांबवलं हे ठाऊक नसल्यामुळे बाबा त्या अज्ञात माणसाला रोज जेवताना शिव्या देतात. मी मान खाली घालून भाकरी मोडते.

आणखी ता. क. मी डिंक शोधत होते तेवढ्यात बाबांनी हे पत्र वाचलं. मग एवढंच विचारलं, "सहा मीटरला पण माती वलीच व्हती?" मी हो म्हटलं. ते उठले आणि जेसीबी खाली आणायला गेलेत. जाताना दारातून म्हणाले, "मामाला कळव, तू येऊ नको, सोमवारी मीच जातो. आन् सही कोणीच करायची नाय."