पडद्यावर तिचे हात

जयनगर, गुरुवार

प्रिय चंदना,

प्राणेशच्या साखरपुड्याला येणार नाही म्हणालीस, त्याला आज बारा दिवस झाले. राग खरा आहे तुझा. भावी वहिनीला, शिवानीला, कुंकू लावायचा मान सख्ख्या नणंदेचा, आणि तो मी तुझ्या चुलत बहिणीला, हर्षिताला, देऊ केला. वर तुला म्हणाले, पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घाल, फोटो बरे येतात. पुढचं मी बोलले नाही, तू ओळखलंस.

मंगळवारी शेजारच्या कावेरी अक्कांनी मला ओढून सिनेमाला नेलं. नशिबाची प्रेमकथा. दोघांची एकाच बसथांब्यावर सात वर्षं चुकामूक होते. योगायोग स्वल्प जास्तच. एका माणसाची बस किती वेळा चुकावी? पण नायिका पाहिली आणि मी खुर्चीला पाठ टेकायची विसरले. तिच्या हातांवर, हनुवटीखाली कोड आहे. रंगवलेलं नाही, त्या नटीचं स्वतःचं. पोस्टात बसून ती पाकिटांवर शिक्के मारते, तेव्हा कॅमेरा सरळ तिच्या बोटांवर. अक्का कानात पुटपुटल्या, “आता पदर ओढून घेईल बघ, पद्मा.” तिने नाही ओढला. मलम नाही, नवस नाही, कुणी दयाळू डॉक्टर नाही. नायक तिच्याशी भांडतो, तेही ती त्याला रांग मोडू देत नाही म्हणून. त्याची आई तुळू बोलते, तिची मैत्रीण उर्दू, आणि पोस्टमास्तर आपल्या घरातल्यासारखं कन्नड मिसळलेलं मराठी. कुणालाच कुणाचं नवल नाही. किती सहज केलंय गं सगळं!

मध्यंतरात अक्का म्हणाल्या, “सरी, ठीक आहे, सिनेमात चालतं. खरं नशीब वेगळं.” मी मान हलवली, आणि उरलेल्या सिनेमाभर त्या मान हलवण्याची लाज वाटत राहिली. तुझ्या आठव्या वर्षापासून मीही नशीबच म्हणत आले. पण स्नेहसंमेलनाच्या नाचात तुला मागच्या रांगेत उभं करा, असं तुझ्या बाईंना सांगून आले होते ती मीच. हे तुला आजवर ठाऊक नव्हतं.

काल होसकोटेला शिवानीच्या घरी गेले. त्यांनी तुला अजून पाहिलेलं नाही, आणि तुझ्या कोडाबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नव्हतं. निघताना प्राणेशला सांगितलं, तर म्हणाला, “आई, हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस.” तिथे मी सगळं सांगितलं. तिच्या आईने विचारलं, “पुढे मुलांना होईल का हो?” म्हटलं, डॉक्टरही खात्रीने हो-नाही म्हणत नाहीत. विचार करून फोन करतो म्हणाले. तो अजून आलेला नाही. आल्यावर लिहिलं असतं, तर त्यांचा होकार मिळाला म्हणून आई बोलावते आहे, असं तुला वाटलं असतं. म्हणून आत्ताच लिहून प्राणेशच्या हाती कोरमंगलाला पाठवते आहे. रविवारी साखरपुडा झाला, तर कुंकू तू लावशील. मोडला, तर बाबांसकट आपण चौघं घरी जेवू. तू ये.

तुझीच, चुकलेली,
आई