हातमोजे

मंगळवार संध्याकाळ, मोहर्लीहून परतल्यावर

आज प्रमिलाचा राग आला. खरं लिहायचं तर राग नाही, जळफळाट झाला.

अनसूयाबाईंच्या कॅन्सरच्या जखमेचं ड्रेसिंग दोन महिन्यांपासून मी त्यांच्या घरी जाऊन करते. दुखण्याच्या गोळ्या, घरच्यांना समजावणं, सगळं मीच बघते. प्रमिला माझ्या हाताखालची नर्स, तिला येऊन पंधरा दिवस झाले. आणि आज बाईंनी माझ्या चमच्यातलं पाणी तोंड फिरवून नाकारलं, तिच्या हातून प्यायल्या. वर सून म्हणते, "शेवटचं पाणी लहान सिस्टरच्याच हातानं पाजा, असं म्हणून राह्यली आई." घरच्यांचा हा मान, तो प्रमिलाला!

"काऊन, माह्यं काही चुकलं का?" मी बाईंना हसत विचारलं. हसत!

बाई डोळे मिटूनच बोलल्या, "तुमचं काई नाई चुकलं. पण तुमचा हात कसा लागते, मले मालूमच नाई."

हातमोजे. ड्रेसिंग झालं की प्रमिला ते काढते, हात धुते आणि बाईंच्या पायाला तेल चोळत बसते. मी नवे मोजे घालते आणि मगच पाणी पाजते. कपाळावर हात ठेवते तोही मोज्यातलाच. मला वाटायचं, हीच शिस्त.

उद्या प्रमिलाची सुट्टी आहे, पाणी पाजायला मी एकटीच असेन. बाई आजची रात्र काढतील की नाही, सांगता येत नाही. निघताना त्यांच्या कानाशी वाकून मी म्हटलं, "उद्या सकाळी येते. तोवर थांबा."

सुनेचे डोळे भरून आले. तिला वाटलं, मी बाईंसाठी बोलले.