बोटभर जागा

५ एप्रिल
नवा साहेब आला. मालकांचा पुतण्या! आल्या आल्या पॅकिंगमध्ये घुसला. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावायचं आमचं औषध आम्ही पाच लिटरच्या डब्यांत भरतो आणि वर बोटभर जागा सोडतो – उन्हात ते फुगतं, जागा नसली तर झाकणातून बाहेर येतं. हा म्हणतो, गिऱ्हाइकाला डबा रिकामा वाटतो, काठोकाठ भरा. दीडशहाणा!

८ एप्रिल
आज मालाच्या वर्गावरून वाजलं. आपला माल धोकादायक वर्गात येत नाही, साध्या सामानाबरोबर जातो, मग एवढे लाड कशाला, म्हणे. खोक्यांतले पुठ्ठ्याचे आडोसे काढायला लावले. खोकी आडवी रचा, जास्त मावतात! मी म्हटलं, धोकादायक नाही म्हणजे वाटेत पेट घेत नाही, इतकंच. लहान मुलांच्या वस्तूंना लावू नये असं डब्यावरच छापलंय.
"काका, तुम्ही फार घाबरता." सगळ्यांसमोर म्हणाला. माझी माणसंही हसली.

९ एप्रिल
घरी वेगळंच. लेकीचे दिवस भरत आलेत, माळ्यावरचा पाळणा पाठवू या, असं बायकोचं टुमणं. तो मी माझ्या हातांनी केलाय, लेक झाली तेव्हा. नाही पाठवणार! परस्पर लग्न उरकताना बाप आठवला नाही, आता पाळणा बरा आठवतो.

१२ एप्रिल
गाडी भरली. काठोकाठ डबे, आडवी खोकी. लेकीच्याच गावच्या गोदामात जायची आहे. उरलेल्या जागेत वाटेत किरकोळ सामान घेईन, असं ड्रायव्हर म्हणाला. मालकांना एक फोन केला असता तर हे थांबलं असतं. नाही केला. गळू दे! मग बघू कोण घाबरतं.

१५ एप्रिल
गळलं! गाडीभर चिकचिकाट. मालकांनी पुतण्याला सगळ्यांसमोर झाडलं. तो माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, उद्यापासून तुम्ही म्हणाल तसं. फार बरं वाटलं मला.
लेक बाळंत झाली म्हणे. मुलगी. मी पेपर वाचत राहिलो.

२३ एप्रिल
बायको डोळे पुसत आली. मला न सांगता तिने पाळणा त्याच गाडीत घातला होता! ड्रायव्हरच्या विनवण्या करून. पोतं गुंडाळलेलं होतं, पण गळलेलं औषध लाकूड सगळं प्यायलं. लेकीने फोनवर तिला सांगितलं – "बाबांनी नवं पॉलिश करून पाठवला ना? त्यांच्या शर्टासारखा वास येतोय. बाळ कालपासून त्यातच झोपतंय." आणि बायकोलाही तेच खरं वाटलं. मीच गुपचूप केलं म्हणून ती रडत होती, आनंदाने.
मी फोन ओढून घेतला. लग्नानंतर लेकीशी बोललेलं पहिलं वाक्य – "आधी बाळाला त्या पाळण्यातून उचल."
"उचललं," ती म्हणाली. मग – "पाळणासुद्धा परत हवाय का, बाबा?"